ऑनलाइन दुकानांतील मालाची नोंद

शेतमाल थेट गिऱ्हाइकास विकावा, मधली दलाली टाळावी, ही चर्चा आपल्या संघाच्या सभांतून नेहमींच होते. अलीकडे कित्येक खातेदारांनीं मोबाइलवरील ऑनलाइन दुकानांतून हळद, गूळ, तांदूळ, बेदाणा असा घरचा माल मांडण्यास आरंभहि केला आहे. दुकान कसें उघडावें, पैसे खात्यावर कसे येतात, कुरिअरवाला माल केव्हां उचलतो, एवढी माहिती त्यांस कोठून तरी मिळते. पण पुढील सर्व व्यवहार ज्या एका गोष्टीवर अवलंबून असतो ती मालाची नोंद, जिला तिकडे 'लिस्टिंग' म्हणतात, ती मात्र बहुधा घरांतील शाळकरी मुलाकडून एका संध्याकाळीं घाईघाईनें भरून घेतली जाते. ही नोंद कशी भरावी आणि ती चुकल्यास काय होतें, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. उदाहरणास हळद घेतली आहे. कारण कृष्णाकांठीं हें पीक आमच्या नित्याच्या पाहण्यांतलें, व तिच्या नोंदींत जितके खांचखळगे आहेत तितके दुसऱ्या मालांत क्वचितच आढळतील.

सांगलीच्या पेठेंत हळदीचा सौदा होतो तेव्हां व्यापारी पोत्यांत हात घालतो, हळकुंड मोडून आंतील रंग पाहतो, वास घेतो, आणि मग भाव बोलतो. शेतकऱ्यानें तोंडानें कांहीं सांगितलें काय किंवा न सांगितलें काय, माल स्वतःच बोलतो. २०१६ सालीं सुरू झालेल्या ई-नाम योजनेंत बोली संगणकावर लागते खरी, पण तेथेंहि ढीग बाजार समितीच्या आवारांत असतो, व त्याची प्रत तपासण्याची सोय तेथेंच केलेली असते. ऑनलाइन दुकानांत यांतलें कांहींच नाहीं. गिऱ्हाईक पुण्यास किंवा नागपुरास बसलेलें. त्याच्यासमोर असतात ते आपण लिहिलेले शब्द, आकडे आणि चार छायाचित्रें. तेव्हां तेथें नोंद हीच वानगी, आणि नोंद हाच करार. महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केल्यामुळें एक गोष्ट आमच्या अंगवळणीं पडली आहे. सातबाराच्या एका रकान्यांत आकडा चुकला म्हणून जमीन कमी-जास्त होत नाहीं, पण खरेदीदार, बँक आणि कोर्ट हीं तिन्हीं त्या आकड्याकडेच पाहतात. ऑनलाइन दुकानाची नोंदहि त्याच जातीची आहे.

पहिला महत्त्वाचा रकाना वर्गाचा. हळद स्वयंपाकघरांत मसाला म्हणून लागते, देवघरांत पूजाद्रव्य म्हणून लागते आणि न्हाणीघरांत उटण्यांत लागते. दुकानाच्या यादींत हे तीन निरनिराळे वर्ग असतात, व भरणाऱ्याला वाटतें कीं कोणत्याहि वर्गांत घातली तरी हळद ती हळदच. तसें नाहीं. पूजेच्या वर्गांत घातलेली पूड खाण्याचा मसाला शोधणाऱ्यास सहसा दिसत नाहीं. आणि दिसली तरी जाणतें गिऱ्हाईक ती भाजींत घालण्यास घेणार नाहीं, कारण खंडोबाला उधळण्याचा म्हणून मिळणारा भंडारा नेहमीं खाण्याच्या प्रतीचा असतोच असें नाहीं. तोंडास लावण्याची म्हणून विकूं गेल्यास १९४० चा औषधें व सौंदर्यप्रसाधनें यांचा कायदा आड येतो. शिवाय आंबेहळद व कस्तुरी हळद या वनस्पति आपल्या नेहमींच्या हळदीहून वेगळ्या आहेत. नेहमींची हळद ती शास्त्रीय भाषेंत 'कुर्कुमा लोंगा'. नांवांत 'हळद' हा शब्द समान आहे म्हणून या सर्वांस एकाच नोंदींत बसविणें म्हणजे जिराईत व बागाईत एकाच रकान्यांत लिहिण्यासारखें आहे.

नंतर मालाचें नांव. यांत मळ्याचें किंवा संघाचें नांव, जिन्नस, जात आणि वजन एवढें क्रमानें यावें: 'अमुक मळा, हळद पूड, सेलम जात, ४५० ग्रॅम'. कित्येकजण 'अस्सल, शुद्ध, उत्तम, घरगुती, आजीच्या हातची' अशीं विशेषणांची माळ लावतात. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर नांवाचा पहिला भागच दिसतो. तेथें 'अस्सल शुद्ध उत्तम' एवढेंच दिसून माल काय तें कळत नाहीं. गिऱ्हाईक शोधतांना कोणी हळद लिहितें, कोणी हल्दी, कोणी टर्मरिक. हे सर्व पर्याय शोधशब्दांच्या स्वतंत्र रकान्यांत लिहावे. नांवांत कोंबूं नयेत.

येथें एक प्रत्यक्ष पाहिलेला प्रकार सांगतों. आमच्या शेजारच्या गांवच्या एका बागाइतदारानें हळकुंड व पूड असे दोन्ही प्रकार, आणि प्रत्येकाचीं पाव व अर्ध्या किलोचीं पाकिटें, अशा चार वस्तु एकाच नोंदीखालीं पर्याय म्हणून घातल्या. त्याची सोय दुकानांत असते, व ती चांगलीहि आहे. पण त्यानें चारही पर्यायांस छायाचित्र एकच दिलें, तें हळकुंडांचें. ज्यांनीं पूड मागविली त्यांस पूड गेली. परंतु चित्र पाहून हळकुंड येईल असें समजणारे पुष्कळ निघाले व पाकिटें परत येऊं लागलीं. परत येणाऱ्या पाकिटाचें जाण्याचें भाडें तर गेलेंच, येण्याचेंहि पडलें, आणि एकदां बाहेर जाऊन फुटलेलें खाण्याच्या जिनसाचें पाकीट पुन्हां विकतां येत नाहीं. माल उत्तम होता. खोट होती ती एका चौकटींतल्या चित्रांत. प्रत्येक पर्यायास त्याचें स्वतःचें चित्र, स्वतःचें वजन, स्वतःची किंमत आणि स्वतःचा सांकेतिक क्रमांक द्यावा. हा क्रमांक आपण आपल्याच सोयीचा ठरवावयाचा असतो; 'ह-पू-४५०' म्हणजे हळद पूड ४५० ग्रॅम, असा साधा ठेवला म्हणजे घरांतील कोणासहि पाकीट ओळखून भरतां येतें.

आतां ज्या रकान्यांत शेतकऱ्याचा खिसा सर्वांत जास्त कापला जातो त्या वजनाच्या रकान्याकडे वळूं. नोंदींत वजनें दोन लिहावयाचीं असतात: आंतील मालाचें निव्वळ वजन, आणि खोकें, कागद, चिकटपट्टी यांसह पाठवणीचें वजन. कुरिअरचें भाडें दुसऱ्यावर ठरतें, व तें टप्प्यांनीं वाढतें. सर्वसाधारण टप्पा अर्ध्या किलोचा असतो. अर्धा किलो पूड भरली, वर चाळीस ग्रॅमचें वेष्टन चढलें, कीं पाकीट ५४० ग्रॅमचें झालें व भाडें एक किलोचें लागलें. याचा हिशेब पाहावा. आकडे समजुतीसाठीं घेतलेले आहेत. प्रत्येकानें आपल्या दुकानाचे दर घालून तो पुन्हां मांडावा.

समजा, अर्ध्या किलोच्या पाकिटाची किंमत १८० रुपये ठेवली. दुकानाचें कमिशन शेकडा १२ प्रमाणें २१ रुपये ६० पैसे, वेष्टनाचा खर्च १० रुपये. अर्ध्या किलोपर्यंतचें भाडें ६० व एक किलोपर्यंतचें ९० धरूं. दळतांना होणारी घट धरून ५३० ग्रॅम हळकुंड लागलें, त्याची किलोस १४० प्रमाणें किंमत सुमारें ७४ रुपये, दळणावळ १० रुपये. भाडें ६० पडलें असतें तर हातीं ८८ रुपये ४० पैसे येऊन ८४ रुपयांचा खर्च वजा जातां चार रुपये चाळीस पैसे सुटले असते. पण पाकीट ५४० ग्रॅमचें असल्यानें भाडें ९० पडलें. हातीं आले ५८ रुपये ४० पैसे, म्हणजे प्रत्येक पाकिटामागें साडेपंचवीस रुपयांहून अधिक तोटा. आणि कमिशनावरील कर यांत धरलेलाच नाहीं. विक्री जितकी वाढेल तितका तोटा वाढेल, व शेतकरी मात्र मोबाइलवर मागण्यांचा आकडा वाढलेला पाहून संतोष मानीत बसेल.

हीच हळद ४५० ग्रॅमच्या दोन पाकिटांची जोडी करून विकली तर? त्याच दरानें जोडीची किंमत ३२४ रुपये. कमिशन सुमारें ३९, वेष्टन १४, आणि सर्व मिळून वजन ९८० ग्रॅमच्या आंत राहिलें तर भाडें ९० च. हातीं १८१ रुपये येतात. हळकुंड व दळणावळ मिळून खर्च १५१ रुपये ५६ पैसे. म्हणजे सुमारें साडेएकोणतीस रुपये सुटतात. माल तोच, दर तोच, गिरणीहि तीच. फरक पडला तो वजनाच्या रकान्याचा आधीं विचार केल्यानें.

खोक्याचा आकारहि असाच पाहावा लागतो. बहुतेक कुरिअरवाले लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटिमीटरांतील गुणाकार ५००० नें भागून येणारा आकडा किलोंत धरतात, व तो प्रत्यक्ष वजनाहून जास्त असेल तर त्यावर भाडें आकारतात. २५ बाय २० बाय १२ सेंटिमीटरच्या खोक्याचें असें वजन १ किलो २०० ग्रॅम होतें, मग आंत ४५० ग्रॅमचें एकच पाकीट कां असेना. मिठाईच्या दुकानांतून आणलेलीं रिकामीं खोकीं वापरणाऱ्यांनीं हा आकडा ध्यानांत ठेवावा. नोंदींत लिहिलेलें वजन व कुरिअरच्या कांट्यावरचें वजन यांत फरक पडल्यास वाढीव रक्कम आपल्या खात्यांतून कापली जाते. सबब बंद केलेलें पाकीट कांट्यावर ठेवून आकडा दिसेल असें छायाचित्र काढून ठेवावें. वाद घालण्यास तोच पुरावा.

कायद्याचे रकाने कंटाळवाणे खरे, पण ते टाळण्यासारखे नाहींत. वजनमापाच्या २००९ च्या कायद्याखालील २०११ च्या नियमांप्रमाणें पाकिटावर पाकीट बांधणाऱ्याचें नांव व पत्ता, जिनसाचें नांव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठीं संपर्क हीं द्यावीं लागतात; आणि ऑनलाइन विकतांना, माल बांधल्याचा महिना व वर्ष सोडून, हा मजकूर नोंदींतहि दिसावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनें एककाची किंमत देण्याचीहि अट आली. वरच्या उदाहरणांत ती ग्रॅमला ३६ पैसे होते. पाकिटावर एक किंमत व नोंदींत दुसरी, असें होऊं देऊं नये.

अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याविषयीं आपल्या लोकांत दोन टोकांचे समज आहेत. कोणी म्हणतो शेतकऱ्यास त्याचें कांहींच बंधन नाहीं. कोणी म्हणतो हळकुंड विकण्यासहि परवाना लागतो. कायद्याच्या १८ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमानें शेतकरी, त्याचें शेतकाम व शेताच्या पातळीवर निघालेलें पीक हीं वगळलीं आहेत. परंतु तीच हळद दळून, पाकिटांत भरून, स्वतःच्या नांवानें विकूं लागलें कीं आपण अन्नपदार्थ तयार करणारे ठरतों, व चौदा अंकी क्रमांक घेऊन तो पाकिटावर व नोंदींत घालावा लागतो. दुकानें तो क्रमांक मागतातच. कराचेंहि तसेंच. स्वतःच्या जमिनींत पिकविलेल्या पिकापुरता शेतकरी वस्तु व सेवा कराच्या नोंदणींतून वगळलेला आहे. पूड ही निराळी बाब होऊं शकते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना आपल्याच राज्यापुरतें ऑनलाइन विकण्यास कराच्या नोंदणीशिवायहि मुभा मिळाली आहे, पण तिच्या अटी आहेत. करसल्लागारास एकदां विचारून घ्यावें. नोंदींत करवर्गाचा सांकेतिक आंकडा मागतात, तो हळदीचा ०९१०३० या सहा अंकांनीं सुरू होतो.

आतां मजकुराविषयीं. येथें आपल्या लोकांचा हात फार सैल सुटतो. मधुमेह जातो, सांधे मोकळे होतात, कर्करोग टळतो, असें लिहिलेल्या हळदीच्या नोंदी आम्हीं पाहिल्या आहेत. अन्नपदार्थानें रोग बरा होतो असें लिहिण्यास मनाई आहे, व दुकानदारहि अशी नोंद काढून टाकतो. 'सेंद्रिय' हा शब्दहि मोकळा राहिलेला नाहीं. २०१७ च्या नियमांप्रमाणें त्यामागें राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाचें किंवा सहभागी हमी पद्धतीचें प्रमाणपत्र असावें लागतें. अगदीं लहान उत्पादकास थेट विक्रींत कांहीं सूट आहे इतकेंच. खत-औषध न घालतां पिकविलें असेल तर कोणतें खत घातलें आणि काय फवारलें नाहीं तें साध्या वाक्यांत लिहावें. गिऱ्हाइकास तेंच हवें असतें.

गांवाच्या नांवाचेंहि भान ठेवावें. वर्धा जिल्ह्यांतील वायगांवच्या हळदीस २०१६ सालीं व सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पेठ सांगलीची म्हणून तेथें विकत घेतलेली कोठलीहि हळद 'सांगली हळद' होत नाहीं. ज्यानें त्या क्षेत्रांत पीक घेतलें आहे त्यानें १९९९ च्या कायद्याप्रमाणें अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलें नांव नोंदवावें आणि मग तें मानांकन नोंदींत खुशाल मिरवावें. यांत संकोच करण्याचें कारण नाहीं. उलट इतका खरा मान हातीं असतां 'आजीच्या हातची' असल्या शब्दांवर भिस्त ठेवणें हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

रंगद्रव्याचा, म्हणजे करक्यूमिनचा, शेकडा आकडा लिहावयाचा तर त्याच ढिगाच्या तपासणीचा अहवाल हातीं असावा. दुसऱ्याच्या नोंदींतून आकडा उतरून घेण्याची वाईट चाल पडली आहे. जात, जमीन, शिजवण व साठवण यांप्रमाणें हा अंश बदलतो. पुडींत शिशाच्या क्रोमेटचा पिवळा रंग मिसळण्याचा दुष्ट प्रकार आपल्या देशांत उघडकीस आलेला आहे, त्यामुळें शहरांतील गिऱ्हाईक पिवळ्याधमक पुडीस भितें. अशा वेळीं प्रयोगशाळेच्या अहवालाचें छायाचित्र नोंदींत जोडलेलें असलें तर त्याचा उपयोग दहा विशेषणांहून अधिक होतो. आगमार्कचा दाखला, १९३७ च्या कायद्याखालचा, ज्यांनीं घेतला आहे त्यांनीं तोहि दाखवावा.

छायाचित्रासाठीं महाग यंत्र लागत नाहीं. सकाळच्या प्रकाशांत, सावलींत, पांढऱ्या कापडावर माल ठेवून काढावें. मोठ्या दुकानांपैकीं ॲमेझॉनची अट अशी कीं पहिलें चित्र निव्वळ पांढऱ्या भूमीवर असावें, मालानें चौकटीचा शेकडा ८५ भाग व्यापावा, आणि वर अक्षरें छापूं नयेत. पुढील चित्रांत हळकुंड मोडून आंतील रंग, तळहातावर ठेवून आकार, आणि पाकिटाची मागची बाजू अक्षरें वाचतां येतील अशी दाखवावी. मोबाइल आपल्या मनानें पिवळा रंग गडद करतो. तो खरा दिसेल इतका उतरवावा. आलेली पूड चित्राहून फिकी दिसली कीं गिऱ्हाइकास भेसळीचा संशय येतो.

शिल्लक मालाचा रकाना रोज पाहावा लागतो. घरीं पाहुण्यांस दिलेलीं, आठवडे बाजारांत विकलेलीं पाकिटें दुकानास ठाऊक नसतात. तें जुन्याच शिलकीवर मागण्या घेत राहतें, आणि वेळेवर माल न पाठविल्यास दोष आपल्या नांवावर चढतो. एकाहून अधिक दुकानांत माल मांडणाऱ्यांस हा त्रास दुप्पट. ३१ डिसेंबर २०२१ रोजीं स्थापन झालेल्या ओ.एन.डी.सी. या सरकारपुरस्कृत जाळ्यांत एकाच ठिकाणीं केलेली नोंद अनेक खरेदी-ॲपांवर दिसते, ही सोय शेतकरी उत्पादक कंपन्यांनीं पाहण्यासारखी आहे. तेथेंहि रकाने भरणारा माणूस हिशेबी हवाच.

ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनीं विक्रेत्यावर स्पष्ट बंधन घातलें आहे: माल वर्णनाप्रमाणें नसेल तर तो परत घेण्यास नकार देतां येत नाहीं, आणि गिऱ्हाईक असल्याचें सोंग करून स्वतःच्या मालाची स्तुति लिहितां येत नाहीं. भाच्या-पुतण्यांकडून पांच-पांच तारे लावून घेणाऱ्या मंडळींनीं हें वाचून ठेवावें. तक्रार आल्यास अठ्ठेचाळीस तासांत पोंच व महिन्याभरांत निकाल द्यावयाचा असतो.

शेवटची बाब फेरफाराची. हळद जानेवारीपासून मार्चपर्यंत निघते, आणि विक्री वर्षभर चालते. नवा ढीग आला, जात बदलली, शेजाऱ्याचा माल आपल्यांत मिसळला, गिरणी बदलली, कीं जुनी नोंद खोटी झाली, मग ती पहिल्या दिवशीं कितीहि काळजीपूर्वक भरलेली असो. प्रत्येक नव्या ढिगाच्या वेळीं जात, तपासणीचा अहवाल, छायाचित्रें, वजन व किंमत हे पांच रकाने पुन्हां वाचून पाहावे. आणि बदल करण्यापूर्वीं जुन्या नोंदीची छापील प्रत, तारीख व ढिगाचा क्रमांक घालून, एका फाइलींत लावून ठेवावी. कारण तक्रार येते ती बहुधा मागच्या ढिगाची, आणि तोंवर पडद्यावरची नोंद बदललेली असते.